आधी लाजर मेला

ईस्टरआधीचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार जवळ आला की ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक जुना वाद डोके वर काढतो. कपाळावर राखेचा क्रूस ओढताना 'तू माती आहेस आणि मातीत परत जाशील' असे ऐकवायचे आणि त्याच उपवासकाळात गोरगरिबांसाठी हात सैल सोडा असेही सांगायचे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय? एक बाजू म्हणते, संबंध उघड आहे आणि लाजिरवाणाही आहे. माणसाला मरणाची धास्ती घातली की त्याची मूठ आपसूक उघडते. धर्मसंस्थांना हे गुपित फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुसरी बाजू म्हणते, धास्ती तर धास्ती. मरण विसरलेला माणूस कवडी सोडत नाही, म्हणून त्याला मरणाची आठवण करून दिलीच पाहिजे. शिवाय स्वर्गात संपत्ती साठवा असे प्रभूनेच सांगितले आहे. वाद तावातावाने चालतो, वचनांना वचने भिडवली जातात, आणि दरवर्षी तिथल्या तिथे संपतो.

हा वाद चुकीच्या जागी उभा राहून घातला जातो असे मला वाटते. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात मरण एकाच माणसाचे आहे, देणाऱ्याचे. त्याला भीती घालावी की घालू नये, त्याचा हिशेब पुढे कुठे होणार, त्याच्या मागे काय उरणार, एवढीच चर्चा. ज्याला द्यायचे आहे तोही मरणारा माणूस आहे, आणि पुष्कळदा तो देणाऱ्याच्या कितीतरी आधी मरतो, हे कुणाच्या बोलण्यात येतच नाही. माझे म्हणणे असे आहे की मरणाची जाणीव ख्रिस्ती माणसाला खरोखर उदार करते, पण स्वतःच्या मरणाबरोबर शेजाऱ्याचेही मरण तिच्यात धरलेले असेल तरच. नुसत्या स्वतःच्या मरणाची जाणीव माणसाला उदार करेलच याची काही हमी नाही. ती त्याला चैनी करते, कंजूष करते, प्रसंगी क्रूरही करते. इतिहासात तिन्हींचे दाखले आहेत आणि ख्रिस्ती इतिहासही त्याला अपवाद नाही.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 16व्या अध्यायातली श्रीमंत माणसाची आणि लाजराची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. जांभळी वस्त्रे, रोजची मेजवानी. आणि दाराशी आणून टाकलेला, फोडांनी भरलेला लाजर. ताटाखाली पडलेल्या तुकड्यांवर त्याची नजर, आणि कुत्री येऊन फोड चाटताहेत. आपले उपदेशक इथून एकदम अधोलोकातल्या ज्वालांकडे उडी मारतात, कारण भीती तिथे आहे. मधले एक वाक्य घाईत सुटून जाते. आधी लाजर मेला. मग श्रीमंत मेला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या श्रीमंताला देण्यासाठी किती अवधी होता? आपण सहज म्हणतो, स्वतः मरेपर्यंत. तसे नव्हते. त्याचा अवधी लाजर मेला त्या दिवशीच संपला होता. त्यानंतर तो आणखी किती वर्षे जगला असेल कोण जाणे. त्या काळात त्याला पश्चात्ताप झाला असता, त्याने अर्धी संपत्ती वाटून टाकली असती, तरी दाराशी पडलेल्या त्या माणसाला त्यातले काही पोचले नसते. आणखी एक बारीक गोष्ट पाहा. अधोलोकातून तो 'लाजराला पाठव' म्हणतो. म्हणजे दाराशी कोण पडले आहे हे त्याला नावानिशी माहीत होते. त्याने लाजराला हाकलून दिले असे गोष्टीत कुठेही नाही, मारहाण केली असे नाही. नाव ठाऊक होते आणि वेळ आहे असे वाटत होते, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

आता विरोधी बाजूचे सगळ्यात बळकट मुद्दे घेऊ. ते झटकून टाकण्यासारखे नाहीत.

मरणाच्या भीतीवर चर्चने पैसा केला, हा आरोप खरा आहे. 370 साली रोमन सम्राट पहिला व्हॅलेन्टिनियन याने कायदा करून धर्मगुरूंना विधवांच्या आणि अनाथ मुलींच्या घरी जाण्यास मनाई केली आणि त्यांच्याकडून मृत्युपत्राने मालमत्ता घेण्याचीही बंदी केली. ही काही ख्रिस्तविरोधी राजाची खोडी नव्हती. तो सम्राट स्वतः ख्रिस्ती होता आणि फर्मान रोमच्या बिशपाच्या नावे निघाले होते. त्या काळातला विद्वान जेरोम याने त्यावर लिहिले, त्याचा आशय असा की कायद्याबद्दल माझी तक्रार नाही, आपण त्या कायद्याला पात्र ठरलो याचे दुःख आहे. पुढची कथा तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. 1517 च्या सुमारास योहान टेट्झेल हा धर्मोपदेशक जर्मनीत पापक्षमेची पत्रे विकत फिरत होता, मेलेल्या आईबापांच्या यातनांची चित्रे श्रोत्यांपुढे उभी करत होता, आणि गोळा झालेल्या पैशातला वाटा रोममधल्या भव्य मंदिराच्या बांधकामाला जात होता. मरणाची भीती, मेलेल्यांची भीती, आणि त्यातून बांधलेला संगमरवर. ज्यांना हे आठवून राखेच्या बुधवारचा उपदेश ऐकवत नाही, त्यांच्यावर मी अश्रद्धेचा शिक्का मारणार नाही.

पण या आरोपातून निष्कर्ष काय काढायचा? 'म्हणून मरणाचे नाव काढू नका' हा निष्कर्ष मला पटत नाही. भीतीने दिलेल्या दानाचा खरा दोष वेगळाच आहे आणि तो चौथ्या शतकातच एकाने नेमका पकडला होता. आजच्या तुर्कस्तानात असलेल्या कप्पदुकियातल्या कैसरियाचा धर्मगुरू बासिल हा तो माणूस. श्रीमंतांना उद्देशून केलेल्या एका उपदेशात तो 'मी मेल्यावर माझी संपत्ती गरिबांना द्या' असे मृत्युपत्र करणाऱ्यांना धारेवर धरतो. माणसांत असेपर्यंत तुला माणसांचे प्रेम सुचले नाही, आणि माणसांतून उठलास की तू दानशूर होणार? मग आभार तुझे मानायचे की मरणाचे? तू अमर असतास तर तुला देवाच्या आज्ञा कधी आठवल्याच नसत्या! एवढ्यावर तो थांबत नाही. अखेरच्या घटकेला कापणारा हात, बोलता न येणारी जीभ, भोवती जमलेले वारस, हे सगळे तो श्रोत्यांसमोर मांडतो आणि विचारतो, त्या वेळी तू लिहिणार तरी कसा? भीतीचे दान अपवित्र म्हणून बासिल ते नाकारत नाही. ते उशिरा येते, ही त्याची तक्रार आहे. भीती देणाऱ्याच्या मरणाकडे बघून पावले टाकते, म्हणून ती त्याच्या मरणाच्या वेळीच जागी होते.

बासिलला हे कुठल्या पुस्तकात सापडले नव्हते. 369 च्या सुमारास त्याच्या प्रांतात दुष्काळ पडला. पाऊस नाही, पीक नाही, आणि धान्य असलेले व्यापारी भाव वाढण्याची वाट पाहत बसलेले. लूकच्या 12व्या अध्यायातल्या, मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या श्रीमंतावर बोलताना बासिल एका बापाचे चित्र काढतो. घरात काही उरलेले नाही, आता पोटचे पोर विकायचे, एवढाच मार्ग. आधी कुणाला विकू? थोरल्याला? त्याच्या थोरलेपणाची लाज वाटते. धाकट्याला? त्याचे वय पाहून जीव तुटतो. या पोराच्या तोंडावळ्यात आईबाप दिसतात, त्याची बुद्धी चलाख आहे. कुणालाच न विकावे तर सगळीच उपाशी मरतील. आणि शेवटी रडत रडत तो एकाला घेऊन निघतो, तेव्हा धान्य घेऊन बसलेला माणूस भावावरून घासाघीस करतो. त्या कोठारवाल्याला 'आज रात्री तुझा जीव मागितला जाईल' हे सांगणे पुरेसे आहे का? सांगावे जरूर. पण त्याच रात्री आणखी कुणाकुणाचा जीव मागितला जातो आहे, आणि त्यातले किती त्याच्या कोठारातल्या धान्याने वाचले असते, हेही त्याला दिसले पाहिजे. बासिलने तेच केले. कोठारे उघडायला लावली, उपाशी लोकांना एका जागी आणले, कालवणाची मोठी भांडी चढवली आणि स्वतः वाढायला उभा राहिला. पुढे शहराबाहेर त्याने आजारी, परके आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी जी वस्ती उभारली, ती ख्रिस्ती रुग्णसेवेच्या आरंभीच्या मोठ्या केंद्रांपैकी एक मानली जाते. 379 साली तो गेला, पन्नाशीच्या आसपास. फार दिवस त्यालाही मिळाले नाहीत.

दुसरा आक्षेप याहून खोल जातो. मरण समोर दिसले की माणूस चांगला होतो, हेच मुळात खोटे आहे. इ.स.पूर्व 430 मध्ये अथेन्समध्ये साथ पसरली, ती स्वतः भोगून वाचलेल्या इतिहासकार थुसिडिडीसने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. पैसा क्षणाचा, देह क्षणाचा, म्हणून लोकांनी मिळेल ते सुख आजच्या आज उपभोगायचे ठरवले. कायद्याची भीड उरली नाही, देवाचीही नाही. भीतीने कुणी कुणाकडे फिरकेना, म्हणून माणसे एकटी मेली. आणि लाजेखातर जे फिरकले तेही मेले. मरणाची जाणीव तिथे काही कमी नव्हती. ख्रिस्ती युरोपात तर याहून वाईट घडले. 1348 नंतरच्या महामारीत, क्रूसाखाली प्रार्थना करणाऱ्या शहरांनी विहिरींत विष घातल्याच्या अफवेवरून ज्यू शेजाऱ्यांना जाळले. स्ट्रासबुर्गमध्ये फेब्रुवारी 1349 मध्ये असे हत्याकांड झाले. पोप सहाव्या क्लेमेंटने 1348 मध्येच या आरोपांचा निषेध केला होता. त्याचे कुणी ऐकले नाही. आजचे मानसशास्त्रही या आक्षेपाच्याच बाजूने बोलते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लोकांना स्वतःच्या मृत्यूचा विचार करायला लावले, तेव्हा त्यांचे दान वाढले. पण वाढले ते आपल्या देशातल्या गरजूंना मदत करणाऱ्या संस्थेसाठी. परदेशातल्यांना मदत करणाऱ्या संस्थेच्या पदरात जास्तीचे काही पडले नाही. मरणाच्या सावलीत माणूस आपल्या माणसांना घट्ट धरतो आणि बाकीच्यांना बाहेर ठेवतो.

हे मी नाकारत नाही. उलट माझा मुद्दा यातूनच उभा राहतो. ज्याच्या डोळ्यांपुढे फक्त स्वतःचे मरण आहे, तो एक तर चैन करेल किंवा भिंत बांधेल; ख्रिस्ती असला तरी. मग वेगळे काही घडल्याची उदाहरणे आहेत का? आहेत, आणि तीही साथीच्याच काळातली. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमन साम्राज्यात मोठी साथ आली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मरणावरच एक पुस्तिका लिहिली. मरणावरची पुस्तिका म्हटल्यावर आपली अपेक्षा काय असते? तुमचा आत्मा तयार आहे का, एवढेच. ते त्यात आहेच. पण ही साथ माणसांची परीक्षा कशी घेते ते सांगताना तो जे प्रश्न मोजतो ते ऐका: धडधाकट माणसे आजाऱ्यांची सेवा करताहेत का, नातलग एकमेकांवर माया करताहेत का, मालक आपल्या आजारी गुलामांना दया दाखवताहेत का, वैद्य विनवणाऱ्यांना सोडून तर जात नाहीत ना. प्रत्येक प्रश्न दुसऱ्याच्या मरणाबद्दल आहे. त्याचे चरित्र लिहिणाऱ्या पाँटियसने नोंदवले आहे की, फक्त आपल्या माणसांची सेवा केली तर त्यात विशेष ते काय, असे सिप्रियन म्हणाला. विदेशी लोक आणि जकातदार याहून जास्त काय करतात, या प्रभूच्या प्रश्नाकडे त्याने बोट दाखवले. ज्यांची सेवा करा म्हणून तो सांगत होता, त्यांच्याच धर्माच्या राजवटीने थोड्याच वर्षांपूर्वी ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता. 258 साली खुद्द सिप्रियनचाही शिरच्छेद झाला. त्याच साथीत अलेक्झांड्रियाच्या बिशप डायोनिसियसने आपल्या पत्रात लिहिले की, सेवा करणाऱ्या कितीतरी जणांनी शेजाऱ्याचा आजार अंगावर ओढून घेतला आणि त्याचे मरण स्वतः मेले. हे दोन्ही साक्षीदार ख्रिस्ती आहेत आणि आपल्या लोकांची बाजू उजळ करून सांगणारे आहेत, हे धरूनच वाचावे. विदेशी लोकांबद्दल डायोनिसियस जे लिहितो त्यात अतिशयोक्ती असणार. तरी त्यांनी कशाची बढाई मारली, हेही पुरेसे बोलके आहे. आम्ही किती निर्भयपणे मेलो एवढ्यावर ते थांबले नाहीत. मरणाऱ्यांपाशी आम्ही होतो, हे त्यांना सांगायचे होते.

'स्वर्गाची आशा माणसाला या जगाबद्दल बेपर्वा करते' हा तिसरा आक्षेप, धर्म म्हणजे लोकांची अफू या कार्ल मार्क्सच्या उपमेमुळे घरोघर पोचला. त्याला उत्तर देताना मी बायबलमधली, प्रेषित पौलाच्या पत्रातली एक जागा दाखवतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 15वा अध्याय म्हणजे पुनरुत्थानावरचे ख्रिस्ती धर्मातले सगळ्यात मोठे विवेचन. मेलेले उठवले जात नसतील तर 'आपण खाऊ, पिऊ, कारण उद्या मरायचे आहे' हे अथेन्सचे तत्त्वज्ञान पौल तिथे सरळ मांडतो आणि ते तर्कसंगत आहे हेही मान्य करतो. मग मरणाला त्याची नांगी कुठे आहे म्हणून विचारतो. अंत्यविधीला आपण इथपर्यंत वाचतो आणि पुस्तक मिटतो. पण पत्र तिथे संपत नाही. तो अध्याय संपतो आणि लगेच पुढचे वाक्य आहे वर्गणीचे! यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर धावाधाव नको. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले. पौल लिहीत होता तेव्हा मरणावरचा विजय आणि गरिबांची वर्गणी यांच्यामध्ये काही आडवे नव्हते. ज्याला वाटते की या देहाचे पुढे काहीच नाही, किंवा ज्याला वाटते की देह म्हणजे आत्म्याने टाकून द्यायची कात, त्या दोघांनाही उपाशी पोटाचे फार वाटण्याचे कारण नाही. पुनरुत्थान मानणाऱ्याची अडचण अशी की त्याच्या लेखी देवाने हा देहच परत उठवायचे ठरवले आहे. देव ज्या देहाला मातीतून उठवणार, त्याला मी दाराशी कुजत ठेवायचे?

बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी केलेल्या नियमावलीचा चौथा अध्याय म्हणजे सत्कृत्यांची एक लांबलचक यादी. 'मरण रोज डोळ्यांसमोर ठेवावे' हे तिच्यातले वाक्य पुष्कळांना पाठ असते. त्याच यादीत थोडे आधी गरिबांना आधार द्यावा, उघड्याला वस्त्र द्यावे, आजाऱ्याची भेट घ्यावी, मेलेल्याला मूठमाती द्यावी, असेही आहे. मरणचिंतन आणि परोपकार असे दोन कप्पे त्याने केले नाहीत. ते आपण नंतर केले.

चौथ्या आक्षेपावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण त्यातले बरेचसे मला मान्य आहे. देवावर विश्वास नसलेली माणसेही उदार असतात, आणि दान वेळेवर पोचले पाहिजे हे ख्रिस्ती नसलेल्यांना आपल्या आधी उमगलेले असते. ज्युलियस रोझेनवाल्ड हा अमेरिकेतला ज्यू व्यापारी. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांसाठी त्याने अमाप पैसा दिला आणि अट घातली की माझ्या मृत्यूनंतर 25 वर्षांच्या आत हा निधी संपूर्ण खर्च झालाच पाहिजे. 1932 मध्ये तो वारला, 1948 मध्ये निधी संपला. पुढच्या पिढीच्या गरजा पुढची पिढी पाहील, आजच्या गरजा आज भागवा, हा त्याचा विचार होता. आपले नाव निधीच्या रूपाने अनंतकाळ चालावे म्हणून व्याजावर दान करणाऱ्या कितीतरी ख्रिस्ती विश्वस्तांपेक्षा तो शुभवर्तमानाच्या जवळ होता, असे मी म्हणेन. नामफलकाचा हव्यास म्हणजे मरण न पत्करण्याचीच एक तऱ्हा आहे.

मग घरच्यांचे काय? म्हातारपणाचे काय? सगळे वाटून टाकून उद्या दुसऱ्याच्या दारात बसायचे का? हा प्रश्न विचारणाऱ्याला लोभी म्हणणे अन्यायाचे आहे. जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातच आहे. मरणाची जाणीव ही तरतूदसुद्धा करायला लावते आणि तिने ती करावी. 1527 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन लूथर गाव सोडून गेला नाही. पत्नी गरोदर असताना त्याने घरात आजारी माणसे ठेवली. पण याच काळात 'प्लेगपासून पळावे का' या प्रश्नावर त्याने लिहिलेले उत्तर विलक्षण समतोल आहे. ज्याच्यावर कुणी अवलंबून आहे त्याने पळू नये. पाळक, न्यायाधीश, आईबाप, नोकर आणि मालक यांनी एकमेकांना सोडू नये. आजाऱ्याची व्यवस्था दुसऱ्या कुणी केली असेल तर जाण्यात पाप नाही. औषध घ्यावे, घर धुरी देऊन शुद्ध करावे, गरज नसेल तिथे जाऊ नये, कारण आपल्या बेफिकिरीने दुसऱ्याला मरण येऊ शकते. शूरपणा मिरवायला मरणाच्या तोंडी जाणाऱ्याला तो देवाची परीक्षा पाहणारा म्हणतो. मोजमाप पुन्हा तेच आहे. मी राहिलो नाही तर कोण मरेल? मी ठेवून घेतले तर कुणाचे अडेल? आपल्या मुलांची तरतूद या मोजमापात सहज बसते. ती झाल्यानंतरचीही वाढतच जाणारी तरतूद मात्र बसत नाही, आणि ती रेषा आपण कधी ओलांडली हे बहुतेकांना आतून ठाऊक असते.

इंग्लंडमधल्या मेथोडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली या रेषेवर आयुष्यभर लक्ष ठेवून होता. पण त्याच्या दानाच्या आकड्यांपेक्षा 1785 च्या जानेवारीतली त्याची एक नोंद मला जास्त शिकवते. दरवर्षी या दिवसांत त्याची मंडळी लंडनमधल्या गरीब सदस्यांना कोळसा आणि भाकरी वाटत असे. त्या वर्षी त्याच्या ध्यानात आले की त्यांना कपडेही हवेत. मग तो स्वतः शहरभर पायी फिरून भीक मागू लागला आणि पाच दिवसांत 200 पौंड जमवले. रस्त्यांवर वितळते बर्फ घोट्यापर्यंत साचलेले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय त्या गार पाण्यात. वय 81. या वयाचा माणूस स्वतःच्या मरणाबद्दल विचार करत नसेल का? त्यावर तो शेकडो वेळा बोलला होता. पण त्या आठवड्यात त्याला घाई होती ती दुसऱ्यांच्या थंडीची. स्वतःला किती दिवस उरले हे मोजणाऱ्याने उन्हाळ्यापर्यंत थांबायला हरकत नव्हती. गारठलेल्यांना थांबणे परवडणारे नव्हते.

आणि पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वणवण करताना त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण गेली. तेव्हा रमाबाई पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्याकडे विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाचा पसारा होता आणि पैसा बेताचाच. शहाणा सल्ला असा असता की आधी निधी जमवा, जागा बघा, मग जा. त्या आधी गेल्या. निराधार मुली आणि बायका घेऊन आल्या, शेकड्यांनी, आणि केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. त्यांच्या कार्यातल्या धर्मांतराच्या बाजूवर त्या काळी कडाडून टीका झाली. ती चर्चा आजही करता येईल आणि करावी. पण उपासमारीचे मरण जवळून पाहिलेली बाई त्या मरणाच्या भीतीने स्वतःपुरते जपून ठेवू शकली असती. त्यांनी त्या आठवणीचे काय केले ते समोर आहे. भूक किती दिवसांत माणसाला संपवते हे त्यांना माहीत होते, म्हणून त्या थांबल्या नाहीत.

एका मंडळीच्या मदतनिधीचे इतिवृत्त मध्यंतरी माझ्या वाचनात आले. उपचारांसाठी मदतीचा एक अर्ज. पहिल्या बैठकीत कागदपत्रे अपुरी म्हणून पुढे ढकलला. दुसऱ्या बैठकीत गणसंख्या झाली नाही. तिसऱ्या बैठकीच्या नोंदीत एकच ओळ: 'अर्जदार मयत झाल्याने विषय निकाली.' त्याच पानावर खाली निधीची शिल्लक लिहिली होती आणि ती गेल्या वर्षीपेक्षा वाढल्याबद्दल खजिनदाराचे अभिनंदन केले होते. या समितीत कुणी दुष्ट नव्हते. कागदपत्रे पाहणे योग्यच होते, पैसा लोकांचा होता. प्रत्येक बैठक प्रार्थनेने सुरू झाली असणार, आणि राखेच्या बुधवारी त्या सगळ्यांच्या कपाळावर राखही लागली असणार. आपण नश्वर आहोत हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. अर्जदारही तितकाच नश्वर आहे, हे मात्र त्यांच्या कामाच्या पद्धतीत कुठेच धरलेले नव्हते.

म्हणून मरणावर उपदेश करावा की करू नये, यावर भांडत बसण्याऐवजी मंडळ्यांनी आपापल्या पद्धती तपासाव्यात असे मला वाटते. तातडीच्या अर्जावर दोन जबाबदार माणसांना त्याच दिवशी ठरावीक रकमेपर्यंत मदत देता आली पाहिजे. कागद नंतर पुरे होतील, आणि त्यात क्वचित फसवणूक झाली तर ती सोसावी. गरिबांच्या नावाने जमलेला निधी वर्षाअखेर शिल्लक राहिला तर त्याचे अभिनंदन नको, खुलासा मागावा. मृत्युपत्रात मंडळीला काही ठेवू इच्छिणाऱ्याला पाळकाने सांगावे की यातले निम्मे आज द्या, आणि ते घेऊन चला, कुणाकडे जाते ते स्वतः पाहा. राख लावताना प्रत्येकाला त्याच्या मातीची आठवण द्यावीच. आणि त्याच उपासनेत, ज्यांचे अर्ज आपल्या टेबलावर पडून आहेत त्यांच्यासाठी, नावे उघड न करता, प्रार्थना करावी आणि अर्ज किती दिवस पडून आहे तेही मोठ्याने सांगावे. हे कुणाला कठोर वाटेल. वाटू द्या. पुढची बैठक कधी आहे हे विचारत अर्जदाराच्या घरच्यांना जे खेटे घालावे लागतात, ते याहून पुष्कळ कठोर आहेत.